थँक्सगिव्हिंगच्या पोटलकला क्रीमी गार सॅलड न्यायचंय: पाणी न सुटणारं, बिनअंड्याचं, २२ जणांसाठी

कैरीपन्हे

नमस्कार मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईची आहे.

यंदा २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्या शेजारच्या आजींच्या मुलीकडे आहे. आम्ही ओहायोत राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारासमोरचा बर्फ न सांगता काढून देणारं हेच कुटुंब, त्यामुळे माझ्यासाठी हे जेवण घरच्या कार्यासारखंच आहे. एकूण २२ माणसं. टर्की, स्टफिंग, ग्रेव्ही त्या करणार, बाकी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मला सांगितलंय की भाज्यांचं काहीतरी क्रीमी गार सॅलड आण, कारण ओव्हन दिवसभर टर्कीने अडलेला असतो आणि शेगडीवर पण जागा नसते, तेव्हा जे गारच खायचं असतं ते आणणारा माणूस त्यांना फार सोयीचा पडतो.

गेल्या वर्षी मी कोलस्लॉ नेलं होतं. रात्रीच कोबी गाजर किसून मेयोनीज मीठ मिरपूड घालून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर खाली दोन बोटं पाणी, वरचा कोबी मऊ पडलेला आणि चव अगदी पातळ. भांडं जवळजवळ तसंच परत आलं. कोणी काही बोललं नाही, पण मला खूप वाईट वाटलं कारण मनापासून केलं होतं.

आता अडचणी अशा की एक, सासूबाई आल्यात तीन महिन्यांसाठी, त्या अंडं खात नाहीत. दोन, २७ तारखेलाच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार येतोय, त्यांचा उपास असतो, सकाळी घट मांडायचा असतो, म्हणजे मला गुरुवारी सकाळी चिरत बसायला वेळ नाही, जे काय ते बुधवारी रात्री. त्या आमच्यासोबत येणार आहेत पण तिथे काही खाता येणार नाही म्हणून मला आधीच कसंतरी होतंय. तीन, घरापासून ५० मिनिटं ड्राइव्ह आहे आणि जेवण दुपारी तीनला, मग ते टेबलावर दोन अडीच तास तरी राहणार.

पाणी का सुटतं आणि काय केलं तर सुटणार नाही हे कोणी नीट सांगेल का? प्रमाणासकट सांगितलंत तर फार उपकार होतील.

निवांत_दुपार

मी न्यू जर्सीत १९ वर्षं आहे आणि दर वर्षी दोन तरी पोटलक होतात, त्यामुळे ह्या विषयावर मला खरंच बोलायचंय.

पहिलं पाण्याचं. आपण कोशिंबिरीत मीठ का ऐन वेळी घालतो? तेच कारण. मिठाने आणि साखरेने चिरलेल्या भाजीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, आणि कोबी किसलेला असला की तो सगळीकडून उघडा असतो मग रात्रभरात जितकं आहे तितकं सोडतो. तुमचं चुकलं ते एवढंच की पाणी भांड्यात सुटलं. ते आधी बाहेर सुटू द्यायला हवं होतं. खमंग काकडी करताना काकडी चोचवून पिळून घेतो ना, कोबीचं पण तसंच, अर्धा किलो चिरलेल्या कोबीला एक चमचा मीठ चोळून चाळणीत तासभर ठेवायचा, मग स्वच्छ फडक्यात घट्ट पिळायचा आणि ड्रेसिंगमध्ये वेगळं मीठ घालायचं नाही. असं केलेलं कोलस्लॉ दुसऱ्या दिवशी सुद्धा छान राहतं.

पण तुमच्या जागी मी कोबी करणारच नाही. ब्रोकोली आणि फ्लॉवरचं करा. इथल्या लोकांच्या घरी हे सॅलड लहानपणापासून असतं, पोटलकला, चर्चच्या जेवणाला, उन्हाळ्यात बार्बेक्यूला, त्यामुळे तुमच्या आजींना बघितल्याबरोबर ओळखीचं वाटेल, आणि कच्च्या ब्रोकोलीचे तुरे रात्रभर ड्रेसिंगमध्ये राहिले तर बिघडत नाहीत उलट सुधारतात, कचकचीतपणा थोडा कमी होतो आणि तुऱ्याच्या आत ड्रेसिंग शिरतं.

२२ जणांना, बाकी पदार्थ भरपूर असणार हे धरून, माणशी अर्धा कप पुरतं. म्हणजे साधारण ११ कप.

ब्रोकोली ७०० ग्रॅम, फ्लॉवर ४०० ग्रॅम. तुरे अगदी बारीक करा, एका घासात सहज जाईल असे, हे फार महत्त्वाचं आहे कारण मोठा तुरा प्लास्टिकच्या काट्याने तुटत नाही आणि लोक तो बाजूला ठेवतात. दांडे टाकू नका, साल काढून आतला गाभा बारीक चिरून घाला, तोच जास्त गोड असतो. चेडर चीजचे मटाराएवढे तुकडे एक कप. सुकवलेल्या क्रॅनबेरी पाऊण कप, नाहीतर मनुका. भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया अर्धा कप, ह्या मात्र तिथे गेल्यावरच वरून घालायच्या, रात्री घातल्या तर भिजून मऊ पडतात. लाल कांदा अर्धा, बारीक चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळून, नको असेल तर सोडून द्या काही बिघडत नाही.

ड्रेसिंग: बिनअंड्याचं मेयोनीज पाऊण कप, सावर क्रीम (आंबवलेली घट्ट मलई) पाऊण कप, ॲपल सायडर व्हिनेगर ३ टेबलस्पून, साखर २ टेबलस्पून, मीठ एक टीस्पून, मिरपूड अर्धा टीस्पून. मूळ पद्धतीत साखर ह्याच्या दुप्पट आणि बेकन असतं. बेकन सोडलं की खारटपणा आणि धुरकट चव जाते, म्हणून मी अर्धा टीस्पून स्मोक्ड पाप्रिका घालते.

आणि आता माझी सगळ्यात कळकळीची सूचना, भाज्या धुतल्यावर कोरड्या करा. खरोखर कोरड्या. ब्रोकोलीच्या तुऱ्यात पाणी अडकून राहतं, हाताला लागत नाही आणि नंतर ड्रेसिंगमध्ये उतरतं. बुधवारी सकाळीच धुऊन सॅलड स्पिनरमध्ये फिरवून मोठ्या टॉवेलवर पसरून ठेवा, रात्री चिरा.

पाकिटं वाचायला विसरू नका. काही सावर क्रीममध्ये आणि काही दह्यात घट्टपणासाठी जिलेटीन असतं, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, म्हणजे सासूबाईंना चालणार नाही. ज्याच्यावर नुसतं कल्चर्ड क्रीम लिहिलंय ते घ्या. साध्या मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक असतोच, इथे नियमानेच त्यात अंडं आणि वजनाच्या निदान ६५ टक्के तेल असावं लागतं, म्हणून तुम्हाला व्हीगन लिहिलेलंच घ्यावं लागेल. चीजचं पण बघा, काहींमध्ये दूध घट्ट करायला प्राण्यांपासून काढलेलं रेनेट वापरलेलं असतं.

साखरफुटाणा

माझं मत वेगळं आहे. ब्रोकोली कच्ची कशाला, उकळत्या पाण्यात ४० सेकंद टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढायची, हिरवीगार दिसते आणि म्हाताऱ्या माणसांना चावता येते. त्या आजींकडे मोठी माणसं असतील ना? कच्चा फ्लॉवर मला स्वतःला पोटाला जड पडतो. आणि त्यात मटार पण घाला, फ्रोझन मटार नुसते बाहेर काढून ठेवले की झालं, शिजवावे पण लागत नाहीत.

निवांत_दुपार

@साखरफुटाणा, चावण्याचं म्हणताय ते बरोबर आहे, पण ब्लांच केलेली हिरवी भाजी व्हिनेगरच्या ड्रेसिंगमध्ये रात्रभर ठेवली की सकाळी शेवाळी रंगाची होते, आंबटाने तो हिरवा रंग जातोच, भाजी शिजलेली असली की अजून लवकर. ज्यांना ब्लांच करायचीय त्यांनी भाजी वेगळी, ड्रेसिंग वेगळं नेऊन जेवायच्या अर्धा तास आधी कालवावं. कैरीपन्हेंना तिकडे गेल्यावर तेवढा निवांतपणा मिळणार असेल तर तसं करायला हरकत नाही.

कैरीपन्हे

बापरे किती नीट लिहिलंय, खूप खूप धन्यवाद! मला आता कळलं की मीठ घालून मी स्वतःच पाणी काढत होते. ब्रोकोली नक्की. आजींचे यजमान ८१ आहेत त्यामुळे तुरे अगदी बारीक करीन.

एक विचारू का, सावर क्रीमच्या ऐवजी घरचं दही चालेल का? सासूबाई रोज विरजण लावतात आणि त्यांना फार वाटतंय की त्यांच्या हातचं काहीतरी जावं. आणि त्यांच्या उपासाचं काही सुचतंय का कोणाला.

अंगणवेल

चालेल म्हणजे काय, उत्तम चालेल, पण चक्का करून. दही तसंच घातलंत तर परत गेल्या वर्षीसारखं पाणी, कारण दह्यात निवळ असतेच. बुधवारी करायचंय तर मंगळवारी रात्री दही पंच्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, वर थोडं वजन, आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगू नका, बाहेर आंबट होतं आणि तुम्हाला ड्रेसिंगला आंबटपणा व्हिनेगरचा हवाय. एक किलो दह्याचा अर्ध्या किलोच्या आतच चक्का निघतो, दूध फुल फॅटचं असेल तर तो चमच्याला धरून उभा राहतो. मी नाशिकची, आमच्याकडे श्रीखंडाला बांधलेल्या चक्क्यातला वाटीभर नेहमी बाजूला ठेवून त्याची दुसऱ्या दिवशी कोशिंबीर होते, ती कधीच पातळ होत नाही.

ड्रेसिंगमध्ये अजून एक करून बघा. एक टीस्पून मोहरी खलबत्त्यात चमचाभर गार पाण्यात फेसून घ्या, नाकात जाईपर्यंत, आणि ती चक्क्यात घाला. आपल्या जुन्या बायका रायत्यात हेच करतात, मुळात रायतं म्हणजे राईचंच. त्याने मेयोनीजचा जो एक तेलकट सपाटपणा असतो ना तो जातो. पाणी गारच घ्या, गरम पाण्यात मोहरी चढत नाही. वेळ नसेल तर बाटलीतली मस्टर्ड चमचाभर.

आता उपासाचं. तुम्ही लाल भोपळ्याचं भरीत का नाही करत?

मला खरंच वाटतं की तिकडच्या टेबलावर सगळ्यात शोभेल तो हाच पदार्थ. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे भोपळा असतोच, पण गोड, पायमध्ये. आणि आपलं भरीत म्हणजे गार, दह्यातलं, मलईदार, भाजीचंच, म्हणजे त्यांनी जे मागितलंय तेच की. शिवाय लाल भोपळा, दही, मिरची, जिरं, तूप, दाण्याचं कूट, मीठ, साखर, सगळं उपासाला चालणारं (आमच्याकडे चालतं, तुमच्या सासूबाईंना एकदा विचारून घ्या), म्हणजे त्या सगळ्यांच्या पंगतीला बसून चार घास खाऊ शकतील. मला तुमच्या पोस्टमधलं तेच वाचून जास्त वाईट वाटलं होतं की त्या तिथे नुसत्या बसून राहणार.

तिकडे हॅलोविनला कोरायला जे मोठे नारिंगी भोपळे मिळतात ते घेऊ नका, ते दोऱ्यादोऱ्यांचे आणि पाणचट असतात. बटरनट स्क्वॉश घ्या, आपल्या लाल भोपळ्याच्या अगदी जवळचा आहे. भारतात आपण वाफवतो, पण तुम्हाला पाणी नकोय तर उभा चिरून बिया काढून ४०० फॅरनहाइटला ४०-४५ मिनिटं भाजा, बुधवारी तुमच्या घरचा ओव्हन मोकळाच असेल. भाजल्याने पाणी उडतं आणि गोडी वाढते. गर काढून हाताने मोडा, मिक्सरला लावू नका, मधेमधे तुकडे लागले पाहिजेत. दोन मध्यम बटरनटला दीड कप चक्का, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर (उपासाला चालत असेल तर).

फोडणीचं जरा लक्षात ठेवा. तूप-जिऱ्याची फोडणी घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर तुपाचे पांढरे कण जमतात आणि खाताना टाळूला चिकटतात. म्हणून फोडणी वेगळ्या छोट्या डबीत न्या, तिथे वाढायच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून वरून घाला, सगळं परत फ्रिजमध्ये जायचं नाही तेवढंच बघायचं.

बुधवारी चंपाषष्ठी आहे, तुमच्याकडे खंडोबा असेल तर आदल्या दिवशी वांग्याचं भरीत आणि दुसऱ्या दिवशी भोपळ्याचं 😊

ताकपोळी

मी इथे (टेक्सस) एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये डाएटिशियन म्हणून काम करते, वरचं सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण काही गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कृपया कोणी रागावू नका.

अंगणवेल ताई, दाण्याचं कूट पोटलकमध्ये कालवून नेऊ नका. इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं वर्गावर्गात असतात आणि काहींना ती इतकी जोरात असते की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. भरतात दाणे असतील असं कुठल्याही अमेरिकन माणसाच्या मनात येणार नाही, त्यांच्या दृष्टीने तो मॅश केलेला स्क्वॉश आहे. सासूबाईंच्या वाटणीचं वेगळ्या डब्यात काढून त्यात घरीच कूट घाला आणि तो डबा वेगळा ठेवा. मोठ्या भांड्यात कूट नकोच. आणि दोन्ही पदार्थांसमोर एक कार्ड लावा की ह्यात काय काय आहे. इथे नऊ गोष्टी मुख्य ॲलर्जीच्या धरतात, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखं कवचातलं, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. तुमच्या दोन्हीत दूध आहे, आणि बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये बरेचदा सोया असतं, ते लिहा.

दुसरं, टेबलावर दोन अडीच तास. इथला नियम साधा आहे, ४० ते १४० फॅरनहाइट, म्हणजे ४ ते ६० सेल्सियस, ह्या मधल्या तापमानात असलं खाणं एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, आणि बाहेर ९० च्या वर उकाडा असेल तर एकच तास. एकूण म्हणजे गाडीतला वेळ पण धरायचा. पण कूलरमध्ये भांड्याच्या खाली आणि वर आइस पॅक ठेवून ते गारच राहिलं तर गाडीतला वेळ मोजायची गरज नाही. तिथे गेल्यावर सगळं एकदम मांडू नका, दोन भांडी करा, एक टेबलावर, दुसरं त्यांच्या फ्रिजमध्ये नाहीतर कूलरमध्येच. पहिलं संपत आलं की दुसरं ठेवा, पहिल्यातलं उरलेलं दुसऱ्यात ओतू नका. टेबलावरचं भांडं बर्फ भरलेल्या पसरट ट्रेमध्ये ठेवलं की चव पण छान राहते, क्रीमी सॅलड कोमट झालं की मेयोनीज जड लागतं.

नोव्हेंबर आहे, गॅरेज गारच असेल, म्हणून तिथे ठेवू असं करू नका. दुपारी ऊन आलं की गॅरेज तापतं आणि रात्री तिथे भाजी गोठू शकते, गोठलेली ब्रोकोली वितळली की परत पाणीच पाणी.

मेयोनीजबद्दल सगळ्यांना भीती असते, पण विकतचं मेयोनीज आंबट असतं आणि त्यातलं अंडं पाश्चराइज केलेलं असतं, सॅलड बिघडतं ते बरेचदा त्यातल्या शिजवलेल्या बटाट्याने, चिकनने नाहीतर अंड्याने, गरम असतानाच डबा बंद करून ठेवल्याने. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करणं मात्र अशा जेवणाला टाळाच, वयस्कर माणसं आहेत.

आणि @साखरफुटाणा, फ्रोझन मटार नुसते वितळवून घालू नका हो. पाकिटावर शिजवा असं लिहिलेलं असतं ते कारणाने असतं, ते कारखान्यात फक्त थोडे उकळलेले असतात, लिस्टेरिया नावाचा जंतू गारठ्यात मरत नाही आणि गरोदर बाई किंवा ८० च्या वरचं कोणी असेल तर तो फार त्रास देतो. दोन मिनिटं खळखळून उकळा, निथळा, गार करा, मग घाला. चवीत काही फरक पडत नाही.

साखरफुटाणा

हे मला अजिबात माहीत नव्हतं, मी कितीतरी वर्षं तसेच घालतेय. आजपासून बंद. धन्यवाद ताकपोळी.

मडगावकर

जरा उशिरा येतोय पण लिहितो, कारण क्रिसमस पण जवळ आलाय.

आमच्याकडे गोव्यात ख्रिश्चन शेजाऱ्यांच्या घरी सणाला, लग्नाला जे गार सॅलड असतं ते बटाट्याचं, ज्याला सगळीकडे रशियन सॅलड म्हणतात, पोर्तुगीजमध्ये सलादा रूसा. मूळ मॉस्कोचं, १८६० च्या दशकात तिथल्या हर्मिटेज रेस्टॉरंटमध्ये लुसियाँ ऑलिव्हिए नावाच्या शेफने केलेलं, अजून रशियात नवीन वर्षाच्या रात्री ते लागतंच आणि त्याला ऑलिव्हिएच म्हणतात. मी हे माझ्या शेजारच्या मावशींकडे शिकलो, त्या आता नाहीत, पण दर २४ तारखेला दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गाजराचे तुकडे करणं हे माझं काम असायचं. त्यांचा एकच हट्ट, सगळं मटाराच्या दाण्याएवढं. एक तुकडा मोठा निघाला तरी परत चिरायला लावायच्या. त्या वेळी कंटाळा यायचा पण आता कळतं की त्यामुळे प्रत्येक चमच्यात सगळ्या भाज्या येतात.

बटाटा १ किलो, गाजर ३०० ग्रॅम, फरसबी २०० ग्रॅम, मटार २०० ग्रॅम. सगळं वेगवेगळं शिजवायचं, एकत्र नाही, प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. बटाटा आधी चिरून गार पाण्यात घालून मग उकळायला ठेवायचा, लिटरभर पाण्याला एक चमचा व्हिनेगर आणि मीठ, आंबटामुळे तुकडे कडेने विरघळत नाहीत, चौकोनी राहतात. ८-१० मिनिटांत होतो. मग चाळणीत नाही, मोठ्या ताटात पसरायचा म्हणजे वाफ निघून जाते. गरम असतानाच वरून एक चमचा व्हिनेगर शिंपडायचं, तेव्हाच बटाटा आंबटपणा आत घेतो, गार झाल्यावर घेत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय मेयोनीजला हात लावायचा नाही, गरम बटाट्यावर मेयोनीज फुटतं आणि तेल सुटतं. ताकपोळींनी डब्याचं सांगितलं ते पण ह्याच्यात बसतं. बीट घालायचंच असेल तर वरून सजावटीला, आत घातलं की तासाभरात सगळं गुलाबी.

बिनअंड्याचं करायचं तर वरच्यासारखंच, अर्धं व्हीगन मेयो अर्धा चक्का, फक्त मोहरी थोडी जास्त कारण बटाटा चव खातो.

कैरीपन्हे

मंडळी, झालं कसं ते सांगायला आले. आज २९ तारीख, उरलेलं सगळं संपलं.

रविवारी आधी पाव प्रमाणात करून बघितलं होतं. तेव्हा लक्षात आलं की सासूबाईंच्या विरजणाचा चक्का सावर क्रीमपेक्षा आंबट आहे त्यामुळे ३ टेबलस्पून व्हिनेगर फार झालं, मग दोनच घातलं. मोहरी सासूबाईंनी स्वतः फेसली. भाज्या बुधवारी सकाळी धुऊन टॉवेलवर पसरल्या, रात्री दहाला चिरल्या, साडेदहाला कालवून ठेवल्या. कांदा घातला नाही. गुरुवारी दुपारी झाकण उघडताना खरं सांगते छातीत धडधडत होतं. खाली चमचाभर सुद्धा पाणी नव्हतं. एक मात्र झालं, क्रॅनबेरीचा थोडा लालसर रंग ड्रेसिंगला उतरला होता, पुढच्या वेळी त्या पण बियांबरोबर वरून घालीन.

ब्रोकोलीचं पहिलं भांडं चार वाजायच्या आत संपलं, दुसरं काढलं. तुरे बारीक होते म्हणून आजींच्या यजमानांनी दोनदा घेतलं, त्यांना कच्च्या भाज्या एरवी जमत नाहीत असं त्यांची मुलगी म्हणाली.

भरीत पण नेलं होतं, मोठ्या भांड्यात कूट न घालता, समोर कार्ड लावून. आणि ताकपोळी, तुमचे किती आभार मानू, आजींच्या मुलीच्या नणंदेच्या मुलाला खरंच शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. त्या बाई कार्ड वाचून माझ्याकडे आल्या, नक्की ना म्हणून विचारलं, मी सासूबाईंच्या डब्यात कूट आहे पण तो वेगळा, बंद आहे असं सांगितलं, मग मुलाला भरीत दिलं. सासूबाईंनी तो डबा उघडायच्या आधी खुर्ची लांब नेली आणि खाऊन झाल्यावर हात साबणाने धुऊन आल्या, मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना उपासाचं चाललं सगळं, कोथिंबीर सोडून. दोन तास नुसत्या पाण्यावर बसायच्या ऐवजी त्या सगळ्यांबरोबर जेवल्या, आणि संध्याकाळी घरी येऊन आरती केली.

फोडणी वेगळी नेल्याचा फार फायदा झाला, जिऱ्याचा वास सुटल्यावरच लोक त्या भांड्याकडे वळले, तोवर कोणी हात लावला नव्हता.

आता २५ डिसेंबर. तो पण गुरुवारच आहे पण तोवर मार्गशीर्ष संपलेला असेल, तेव्हा कांद्यासकट मडगावकरांचं सॅलड करायचं ठरलंय, सगळं मटाराएवढं चिरून. मडगावकर, त्यात फळ घालतात का हो? इंडियात हॉटेलमध्ये अननस असायचा.

मडगावकर

वाचून फार बरं वाटलं. अननस हॉटेलवाले घालतात, मावशी नाही घालायच्या. डब्यातल्या अननसाचा पाक कितीही निथळला तरी थोडा उतरतोच आणि तुमचं पाण्याचं दुखणं परत सुरू. हिरवं आंबट सफरचंद घाला, एक पुरे, सालासकट, मटाराएवढं, चिरल्याचिरल्या लिंबू चोळून, आणि वाढायच्या तासभर आधी.

कैरीपन्हे

ओके, सफरचंद. लिहून ठेवलं.